राखणदार पिल्लांच्या वाकड्या पायांसाठी देवळालीजवळचे एक घरगुती संगोपन केंद्र

द्राक्षबागेच्या राखणीसाठी, मळ्यातल्या वस्तीसाठी किंवा मेंढरांच्या वाड्यासाठी मोठ्या जातीचे पिल्लू आणणाऱ्या नाशिक परिसरातील अनेक कुटुंबांना एक अनुभव येतो. दोन महिन्यांचे असताना ऐटीत उभे राहणारे पिल्लू चौथ्या-पाचव्या महिन्यात पुढच्या पायांत फेंगडे दिसू लागते, मनगट खाली दबते किंवा पंजा बाहेर वळतो, आणि मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. देवळाली कॅम्प आणि भगूर यांच्या दरम्यान एक निवृत्त सुभेदार आणि त्यांच्या पत्नी अशा पिल्लांना ठेवून घेऊन वाढवण्याचे काम आपल्या घराच्या आवारात करतात. आमच्या दिंडोरी तालुक्यातील मळ्यावरची डॉबरमन जातीची दोन भावंडे, हिरा आणि मैना, वाढीचा बराच काळ त्यांच्याकडे होती. जागा मोजकी असल्यामुळे आपले नाव जाहीर करू नये अशी त्या दोघांची विनंती आहे, म्हणून ते येथे दिलेले नाही. सेवेविषयी मात्र सविस्तर लिहीत आहे, कारण पायाची वाढ बिघडलेल्या पिल्लाच्या बाबतीत हातचा महिना गेला की तो परत मिळत नाही, हे ओळखून काम करणारी माणसे मला तेथे भेटली.

राखणीच्या कुत्र्याच्या पायाचे महत्त्व आमच्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. निफाड, दिंडोरी आणि सिन्नर या तालुक्यांत उसाच्या फडांच्या आश्रयाने बिबट्या वस्तीपर्यंत येतो आणि मळ्यावरचा कुत्रा त्याला सहज सापडणारे भक्ष्य असते. चाहूल लागताच भुंकून सर्वांना उठवणे आणि तितक्याच चपळाईने ओट्यावर परत येणे, एवढे तरी कुत्र्याला जमले पाहिजे. गळ्यातल्या काटेरी पट्ट्याने मान वाचते, परंतु धावता न येणाऱ्या कुत्र्याला तो पट्टा पुरा पडत नाही. त्यामुळेच पाय वाकलेले पिल्लू निरुपयोगी ठरवून कोठे तरी सोडून दिले जाते किंवा जन्मभर साखळीला बांधले जाते, आणि हे पाहून मला नेहमी फार वाईट वाटत आले आहे. सुभेदारसाहेबांनी सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये श्वानपथकावर नोकरी केली आहे, त्यामुळे कामाचा कुत्रा कोणत्या कामाला पायाचा किती वापर करतो याचा त्यांना चांगला अंदाज आहे, आणि पिल्लू दाखल करून घेतानाच ते मालकाला विचारतात की या कुत्र्याकडून तुम्हाला नेमके काय काम हवे आहे.

पाय वाकण्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा आहे, ही गोष्ट या केंद्रात पहिल्याच भेटीत समजावून सांगितली जाते. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत रेडिअस आणि अल्ना ही दोन हाडे शेजारी शेजारी असतात आणि त्यांची लांबी टोकांजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे कूर्चेच्या पातळ थरातून वाढत असते. अल्नाच्या लांबीतील सुमारे ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच प्लेटमधून होते. ती प्लेट शंकूच्या आकाराची असल्यामुळे तेथे बसलेला दणका बाजूला सरकून निघून जात नाही, तर वाढणाऱ्या पेशींना चिरडून टाकतो. अल्नाची वाढ थांबली आणि रेडिअसची चालू राहिली, की आखूड राहिलेली अल्ना धनुष्याच्या दोरीप्रमाणे शेजारच्या हाडाला ताणून धरते. मग रेडिअस पुढच्या बाजूला कमानीसारखे वाकते, पंजा बाहेर वळतो आणि दुर्लक्ष झाल्यास कोपराचा सांधाही जागचा हलतो. मार लागला त्या दिवशी पिल्लू थोडे लंगडते आणि दोन दिवसांत पुन्हा खेळू लागते. वाकडेपणा डोळ्यांना दिसतो तो त्यानंतर काही आठवड्यांनी, आणि तोपर्यंत ट्रॉलीवरून पडल्याची आठवण घरात कोणालाच राहिलेली नसते.

आहाराच्या बाबतीत या केंद्राची शिस्त मला सर्वांत मोलाची वाटली, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहिते. पिल्लाचे पाय वाकले की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो मुडदूस, आणि पहिला उपाय असतो तो कॅल्शियमची बाटली. खरा मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, चांगले तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लांत क्वचितच आढळतो. अधिक वेळा दिसते ते केवळ पोळी, भात किंवा बिनहाडाच्या मांसावर वाढवलेले पिल्लू. अशा मांसात फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असते, आणि रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते. येथे आहार दुरुस्त करणे हाच उपाय आहे. मात्र जे पिल्लू आधीच संतुलित खाद्य खात आहे, त्याला वरून कॅल्शियम पाजणे हे नुकसानकारक ठरू शकते, कारण साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत जादा कॅल्शियममुळे ग्रोथ प्लेटमधील कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडते आणि पुढचे पाय वाकतात, असे दिसून आले आहे.

आमच्या पिल्लांसोबत त्यांच्या विक्रेत्याने कॅल्शियमची एक मोठी बाटली दिली होती आणि दोन वेळा चमचाभर पाजण्यास सांगितले होते. सुभेदारसाहेबांच्या पत्नीने, ज्यांना तेथे सर्व जण काकू म्हणतात, ती बाटली आणि खाद्याची पिशवी दोन्ही समोर ठेवून पिशवीच्या मागचा तक्ता वाचून दाखवला. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतील आफ्को या संस्थेनुसार, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण ३१.८ किलो किंवा त्याहून अधिक वजन होणाऱ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कोरड्या भागाच्या हिशेबाने कॅल्शियम किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के असावे लागते. अनेक पिशव्यांवर फक्त किमान प्रमाण छापलेले असते, म्हणून कमाल प्रमाण कंपनीला फोन करून विचारून घ्यावे, असा त्यांचा आग्रह असतो आणि काकू स्वतः ते विचारतात. उन्हाविषयीचा गैरसमजही त्या हळुवारपणे दूर करतात: तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हाचा जो उपयोग होतो तो पिल्लाला होत नाही, कारण कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते.

खाद्य वाटीने न देता काट्यावर मोजून दिले जाते आणि दर आठवड्याच्या वजनानुसार बदलले जाते. गुबगुबीत पिल्लू पाहून आनंदणाऱ्या मालकांना हे सुरुवातीला रुचत नाही. मैना थोडी रोडावल्यासारखी वाटली तेव्हा मीही तसे बोलून दाखवले होते. सुभेदारसाहेबांनी माझा हात तिच्या बरगड्यांवर ठेवून सांगितले, "ताई, बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. एवढं पाळलं की झालं. सगळं वजन पायावर येतं, आणि तो पाय अजून कच्चा आहे." या म्हणण्याला आधार आहे. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर भरपूर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले, आणि सांध्यांची झीजही पहिल्या गटात उशिरा सुरू झाली.

मोजमापाची त्यांची पद्धत साधी आणि अतिशय विश्वासार्ह आहे. अंगणात खाकी कागदाची लांब पट्टी अंथरली जाते, पिल्लाचे पुढचे दोन्ही पंजे गेरूच्या पातळ पाण्यात बुडवले जातात आणि काकू दुसऱ्या टोकाला बसून त्याला हाक मारतात. पिल्लू सरळ चालत गेले की कागदावर तांबड्या पंजांची रांग उमटते. तिच्या मधोमध दोरी ताणून रेघ मारली जाते आणि प्रत्येक ठसा त्या रेघेपासून किती बाहेर वळला आहे हे कंपासपेटीतल्या चांद्याने मोजून वहीत लिहिले जाते. जोडीला ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या पाटावर उभे करून समोरून एक छायाचित्र घेतात. अशा पट्ट्या तारखा घालून एका दोरीवर क्रमाने टांगलेल्या असतात, त्यामुळे पाय सुधारतो आहे, आहे तसाच आहे की बिघडतो आहे, हे मालकाला कोणी सांगावे लागत नाही. माझ्या मते या सेवेचे खरे बळ या पट्ट्यांत आहे, कारण पशुवैद्याकडे जाताना आपण नुसती तक्रार नेत नाही, तर पुरावा नेतो.

मैनाचा त्रास सौम्य होता. तिची दोन्ही मनगटे सैल पडली होती आणि ती पंजाऐवजी जवळजवळ टाचेवर चालल्यासारखी दिसत असे. डॉबरमनसह काही जातींत साधारण दीड ते चार महिन्यांच्या पिल्लांत ही तक्रार दिसते, आणि घसरड्या फरशीवर राहणे हे तिचे एक कारण मानले जाते. गावाकडे अशा वेळी बांबूच्या कामट्या बांधण्याची पद्धत आहे. येथे ते कटाक्षाने टाळले जाते, कारण बांधलेल्या पायाचे स्नायू आणखी दुबळे होतात. मैनाला गुळगुळीत टाइलवरून मुरमाच्या अंगणात आणि काथ्याच्या चटईवर ठेवले गेले, खाद्य दुरुस्त केले गेले, दिवसातून काही वेळा मऊ मातीतून थोडे थोडे चालवले गेले, आणि महिन्याच्या आत तिचे मनगट उचलले गेले.

हिराची गोष्ट अवघड होती. साडेतीन महिन्यांचा असताना तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला होता, आणि तो केंद्रात होता त्या काळात त्याच्या उजव्या पंजाचा कोन प्रत्येक पट्टीवर वाढत गेला, तर डावा तसाच राहिला. दोन्ही पायांत एकदम बिघाड असेल तर आहाराकडे किंवा जन्मजात कारणाकडे पाहावे आणि एकाच पायात असेल तर माराची शक्यता धरावी, हा साहेबांचा ढोबळ नियम आहे, पण ते त्यावर विसंबून राहत नाहीत. त्यांनी ताबडतोब दोन्ही पायांचे, समोरून आणि बाजूने असे एक्स-रे काढून घेण्यास सांगितले, कारण निरोगी पायाशी ताडून पाहिल्याशिवाय वाढत्या हाडातील दोष नीट कळत नाही. एक्स-रेमध्ये अल्नाची प्लेट वेळेआधी बंद झाल्याचे दिसले. पाच महिने पूर्ण होण्याच्या सुमारास मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तीत अल्नाचा एक तुकडा काढून टाकतात आणि हाड पुन्हा जुळून येऊ नये म्हणून त्या फटीत कुत्र्याच्याच शरीरातील चरबी भरतात. ताण सुटला की रेडिअसला उरलेल्या वाढीत काही प्रमाणात सरळ होण्याची संधी मिळते. ही शस्त्रक्रिया वाढ शिल्लक असतानाच उपयोगी पडते. मोठ्या जातीत मनगटाजवळच्या प्लेट साधारण आठ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बंद होतात, आणि त्यानंतर हाड कापून नव्या कोनात धातूच्या पट्टीने किंवा बाहेरच्या सांगाड्याने बसवावे लागते, जे अधिक खर्चाचे आणि अधिक वेदनादायक असते.

शस्त्रक्रियेनंतर हिराला परत आणल्यावर जी सेवा झाली तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पाच महिन्यांच्या डॉबरमनला उड्या मारू न देणे हे सोपे काम नाही. काकूंनी त्याला लहान आवारात ठेवून त्याच्या नाकाला काम दिले: सुरुवातीला गवतात लपवलेले खाद्याचे दाणे शोधणे, पुढे कापडाचा वास घेऊन वस्तू हुडकणे. शरीर थकले नाही तरी डोके थकते आणि पिल्लू शांत झोपते, हा त्यांचा अनुभव आम्हालाही आला. आज त्याचा पाय बघणाऱ्याला जवळजवळ सरळ वाटतो, थोडा आखूड आहे आणि कोपराची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी लागते. सुभेदारसाहेबांनी स्पष्ट सांगितले की याला भिंतीवरून उड्या मारण्याचे किंवा पाठलागाचे काम देऊ नये, परंतु रात्रीच्या राखणीला आणि वास काढण्याच्या कामाला तो पूर्ण लायक आहे. मैनाबाबत त्यांनी अशी कोणतीही अट घातली नाही. नसबंदीची घाई दोघांच्याही बाबतीत करू नये असे त्यांनी बजावले, कारण ती फार लवकर केल्यास ग्रोथ प्लेट उशिरा बंद होतात आणि हाडे गरजेपेक्षा लांब वाढतात.

केंद्राला आपली मर्यादा कळते, ही आणखी एक जमेची बाजू. ताप, अंगाला हात लावू न देणे आणि मनगटाच्या वर गरम सूज दिसली, किंवा आज एक पाय तर पुढच्या आठवड्यात दुसरा पाय असे लंगडणे फिरते राहिले, तर ते पिल्लू त्याच दिवशी पशुवैद्याकडे पाठवले जाते, कारण ही वाढीच्या वयातील हाडांच्या वेगळ्या आजारांची लक्षणे असू शकतात. स्वतःच्या मनाने औषध दिले जात नाही. घरातील माणसांची वेदनाशामक गोळी, मग ती आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, पिल्लाला कधीही देऊ नये, अशी ठळक पाटीच तेथे लावलेली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. एक्स-रेची सोय आवारात नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी नाशिक शहरात यावे लागते आणि भूल द्यावी लागल्यास तो खर्च वेगळा होतो. पिल्लू घरी सोडताना आहाराचे प्रमाण तोंडी सांगितले जाते. ते कागदावर लिहून मिळाले असते तर बरे झाले असते, कारण मळ्यावर खाऊ घालणारे हात बदलत असतात. माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो, आणि त्या शांत आवारात त्यातले बरेच दिवस निघून जातात. मैना घरी आली तेव्हा फवारणीच्या ब्लोअरचा आवाज ऐकून ती पलंगाखालून बाहेर येईना, आणि तिची ती भीती मोडायला बराच वेळ लागला. ज्या पिल्लाला पुढे द्राक्षबागेत राहायचे आहे त्याला ट्रॅक्टर, ब्लोअर, मजुरांची वर्दळ आणि गाई-म्हशी या सर्वांची सवय दुरून, थोडी थोडी, तेथेच लावली गेली पाहिजे. मी हे सांगितल्यावर त्यांनी नोंद करून घेतली आणि अलीकडे तेथे मालकाने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणलेले आवाज हलक्या पट्टीत ऐकवले जातात, असे दिसले. ही सुरुवात चांगली आहे, पण प्रत्यक्ष यंत्राची जागा ती घेऊ शकत नाही.

महिन्याचे शुल्क शहरातील साध्या बोर्डिंगपेक्षा थोडे अधिक आहे, आणि खाद्य, लस व एक्स-रे मालकाच्या खर्चाने होतात. केवळ पैशाचा विचार केला तर नवे पिल्लू घेणे स्वस्त पडेल, हे मान्य करावे लागेल, परंतु घरात आणलेल्या जिवाबाबत हा हिशेब मला मान्य नाही. घरी दिवसभर माणूस आहे, अंगण मातीचे आहे आणि मोजून खायला घालण्याची तयारी आहे अशा कुटुंबाने मैनासारख्या सौम्य त्रासासाठी पिल्लू तेथे ठेवण्याची गरज नाही. एकदा जाऊन पद्धत समजून घेतली आणि आठवड्याला पट्टी काढून पाठवली तरी काकू फोनवर मार्गदर्शन करतात. एकाच पायाचा वाकडेपणा वाढत असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा होऊन गेली असेल, तर मात्र त्यांच्याकडे ठेवण्यासारखी दुसरी जागा मला नाशिकमध्ये आढळली नाही.

पत्ता देवळाली कॅम्प आणि भगूर भागातील पशुवैद्यांकडे चौकशी केल्यास मिळतो. जाण्यापूर्वी फोन करणे आवश्यक आहे, कारण पार्व्हो या पिल्लांच्या संसर्गजन्य आजाराच्या भीतीने नव्या पिल्लाला काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवतात आणि ती खोली रिकामी नसेल तर पिल्लू घेतले जात नाही. सोबत लसीकरणाचे कार्ड, आतापर्यंत दिलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या, खाद्याची मूळ पिशवी आणि आधी काढलेले एक्स-रे न्यावेत. पिल्लू चार महिन्यांच्या पुढचे असेल आणि एकच पाय वाकत असेल, तर खोली रिकामी होण्याची वाट न पाहता एक्स-रे आधी काढून घ्यावा.